वाचक विचारतात : येशूचा शेवट नेमका कसा झाला?

गेल्या अंकात गुड फ्रायडेनिमित्त एक छोटी चौकट दिली होती, त्यात एवढंच होतं की याच दिवशी येशूला जेरुसलेममध्ये क्रुसावर दिलं आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला. यात वाद होण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं, पण या एका वाक्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. काहींनी रागाने लिहिलंय, काहींनी खूप मनापासून. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम गाळलीत, विषय श्रद्धेचा आहे, कुणाला घरात किंवा ऑफिसात त्रास नको.

आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी मेसेज फिरतो की येशू क्रुसावर मेलाच नाही, तो वाचला, भारतात आला, काश्मीरमध्ये म्हातारा होऊन वारला आणि श्रीनगरला त्याची कबर आजही आहे. सोबत फोटोही असतो. लडाखच्या मठात तो शिकला होता असंही त्यात आहे. मग तुम्ही छापलंत ते चूक ना? (एक वाचक, संगमनेर)

कबर आहे हे खरं, ती येशूची आहे असं मानायला मात्र आधार नाही. या मेसेजमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय, ती आधी सोडवूया.

श्रीनगरच्या जुन्या शहरात खानयार नावाचा भाग आहे, तिथे रोजाबल म्हणून एक छोटी इमारत आहे, आत दोन कबरी, एक सय्यद नसीरुद्दीन यांची आणि दुसरी यूझ आसफ नावाच्या कुणा संताची. अठराव्या शतकातल्या काश्मीरच्या एका फारसी इतिहासात हा यूझ आसफ परदेशातून आलेला राजपुत्र म्हणून येतो. या कबरीला येशूचं नाव जोडलं ते मिर्झा गुलाम अहमद यांनी (१८३५ ते १९०८), पंजाबातल्या कादियानचे, अहमदिया पंथाचे संस्थापक. १८९९ मध्ये त्यांनी यावर उर्दूत अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की येशू क्रुसावर काही तासच होता, एवढ्यात माणूस मरत नाही, मरण लवकर यावं म्हणून पाय मोडत तसे त्याचे मोडले नाहीत, कुशीत भाला खुपसल्यावर रक्त आलं म्हणजे जीव होता, मग शिष्यांनी त्याला मलम लावून बरं केलं, जुन्या हकिमांच्या ग्रंथांत 'मरहम-ए-ईसा' (ईसा म्हणजे येशू) नावाचं मलम आहे ते हेच, आणि नंतर तो इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्या शोधत इराण, अफगाणिस्तानमार्गे काश्मीरला पोचला आणि १२० वर्षांचा होऊन वारला. मिर्झासाहेबांचा स्वतःचा दावा होता की ज्याची वाट बघताय तो मसीहा मीच, आणि त्या दाव्यासाठी आधीचे ईसा इतर माणसांसारखे वारले हे दाखवणं गरजेचं होतं. अहमदिया मंडळींची ही मनापासूनची श्रद्धा आहे आणि श्रद्धा म्हणून मी तिचा मान राखते, पण ग्रुपवर फिरतं ते 'सिद्ध झालेला इतिहास' म्हणून, आणि तो तसा नाही. खानयारच्या स्थानिक मुसलमानांनाही हा दावा पटत नाही बरं का, उलट त्याने ते दुखावतात, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ईसा अल्लाहकडे जिवंत आहेत, मग त्यांची कबर कशी असेल!

आता त्या नावाकडे बघा, मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. अरबीत 'ब' आणि 'य' ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की दिसायला अगदी सारखी, एक छोटा दात, खाली एक टिंब दिलं की 'ब' आणि दोन दिली की 'य'. आपल्याकडे अनुस्वार राहिला की शब्द बदलतो ना, तसंच. गौतम बुद्धाची कथा प्रवास करत अरबी भाषेत गेली तेव्हा 'बोधिसत्त्व'चं झालं 'बूदासफ', मग कुणा लेखनिकाच्या हातून एक टिंब जास्त पडलं आणि 'यूदासफ' झालं, तिथून 'यूझासफ'. हीच कथा पुढे जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन करत युरोपात गेली आणि तिथे हा राजपुत्र 'जोसाफत' या नावाने चक्क ख्रिस्ती संत झाला, त्याचा सणाचा दिवससुद्धा होता. म्हणजे ज्या नावात लोक येशू शोधतायत त्याच्या मुळाशी बुद्ध आहेत. मला तर हे त्या मेसेजपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

लडाखची गोष्ट वेगळी. निकोलस नोतोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तक काढलं की हेमिस मठात मला 'ईसा'चं चरित्र वाचून दाखवलं, तो तरुणपणी भारतात शिकायला होता. संस्कृतचे जर्मन पंडित मॅक्सम्यूलर यांनी त्याच वर्षी यावर गंभीर शंका घेतल्या, आणि १८९५ मध्ये आग्र्याचे एक प्रोफेसर, डग्लस, स्वतः हेमिसला गेले तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असं काही पुस्तकच नाही म्हणून सांगितलं. आणि मुख्य मुद्दा, जो मेसेज फॉरवर्ड करणारे वाचतच नाहीत, तो हा की नोतोविचच्या गोष्टीतही ईसा शेवटी परत जातो आणि तिथला रोमन कारभारी पिलात याच्या काळात क्रुसावरच मरतो! म्हणजे एकाच मेसेजातल्या दोन गोष्टी एकमेकींनाच खोट्या पाडतात.

जपानमध्येही येशूची कबर आहे असं यूट्यूबवर पाहिलं, खरं का? (एक वाचक, नागपूर)

आओमोरी प्रांतात शिंगो नावाचं खेडं आहे, तिथे दोन मातीचे ढिगारे आणि त्यांवर लाकडी क्रूस आहेत. गोष्ट अशी की क्रुसावर मेला तो येशूचा भाऊ इसुकिरी, येशू जपानला आला, शेती केली आणि १०६ वर्षं जगला. ही कथा १९३० च्या दशकात पुढे आली, त्याआधी तिचा मागमूस नाही. गावकरी दर जूनमध्ये तिथे उत्सव करतात, प्रेमाने करतात, त्यापलीकडे यात काही नाही.

बायबलमध्ये लिहिलंय म्हणून खरं, हे मला पटत नाही. बायबल सोडून दुसरा काही पुरावा आहे का की येशूला क्रुसावर दिलं? (एक विद्यार्थी, पुणे)

आहे, आणि तो येशूला न मानणाऱ्यांनी दिलाय म्हणून जास्त महत्त्वाचा. रोमन इतिहासकार टॅसिटस याने साधारण इ. स. ११६ च्या सुमारास, ६४ साली रोमला लागलेल्या आगीची हकिगत लिहिताना सांगितलंय की ख्रिस्ती लोकांचं नाव ज्याच्यावरून पडलं त्या 'ख्रिस्तुस'ला तिबेरियस बादशहाच्या काळात पोंतियस पिलाताने देहदंड दिला होता. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल तिटकारा होता, त्यांच्या सोयीसाठी तो काही लिहिणार नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्याही ग्रंथात (९३-९४ साल) पिलाताने येशूला क्रुसावर दिल्याचा उल्लेख आहे, तिथे नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी पदरचं घातलंय हे अभ्यासक मान्य करतात, पण मुळात काहीतरी उल्लेख होता असं बहुतेकांचं मत आहे. खुद्द पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये इस्राएलमधल्या कैसरियाला सापडला, त्यामुळे तो माणूस खरा होता की नाही हा प्रश्नच उरत नाही, इ. स. २६ ते ३६ तो यहुदियाचा कारभारी होता.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतं ते दुसरंच, आणि ते रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवरच्या एका भिंतीवर आहे. १८५७ मध्ये तिथे खोदकाम करताना गिलाव्यावर टोकदार वस्तूने ओरखडून काढलेलं एक चित्र सापडलं, साधारण इ. स. २०० च्या आसपासचं. क्रुसावर एक माणूस आहे, पाठमोरा, आणि त्याचं डोकं गाढवाचं आहे. खाली डावीकडे एक मुलगा हात वर करून उभा. आणि वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय, 'अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो'. कुणीतरी आपल्याबरोबरच्या ख्रिस्ती पोराला चिडवायला हे काढलंय. ते चित्र बघितलं की कळतं, क्रुसावर मरणं ही त्या काळी किती लाजिरवाणी गोष्ट होती, गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, उघडं करून, रस्त्याच्या कडेला. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल स्वतः करिंथच्या लोकांना लिहितो की क्रुसावर दिलेला ख्रिस्त हा यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. आपल्या गुरूचा मोठेपणा सांगायला कुणी मनाने गोष्ट रचली असती तर अशी रचली असती का? म्हणूनच धर्म मानणारे न मानणारे मिळून जवळजवळ सगळे इतिहासकार बाकी शंभर गोष्टींवर भांडतात पण एवढं मान्य करतात की नासरेथच्या येशूला पिलाताच्या हुकमाने क्रुसावर मारलं. तिसऱ्या दिवशी काय झालं हा मात्र इतिहासाचा नाही, विश्वासाचा प्रश्न आहे, तिथे मी हात जोडून थांबते.

कंपनीत माझा जवळचा मित्र ख्रिश्चन आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी डबा खाताना विषय निघाला आणि मी सहज बोलून गेलो की कुराणाप्रमाणे हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना क्रुसावर दिलंच गेलं नाही. तो गप्प झाला आणि तेव्हापासून वेगळा बसतो. मी चूक बोललो का? (एक वाचक, मालेगाव)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही तुमच्या धर्माबद्दल खोटं बोलला नाहीत. कुराणाच्या चौथ्या सूरेत, सूरह निसामध्ये, १५७ व्या आयतीत स्पष्ट आहे की त्यांनी त्याला ठार केलं नाही आणि क्रुसावरही दिलं नाही, पण त्यांच्यासाठी तसं भासवलं गेलं, मूळ शब्द 'शुब्बिह लहुम'. पुढच्याच आयतीत आहे की अल्लाहने त्याला स्वतःकडे उचलून घेतलं.

आता हे 'भासवलं गेलं' म्हणजे काय, यावर खुद्द मुसलमान विद्वानांनी शतकानुशतकं खल केलाय. तबरी (मृत्यू ९२३) यांनी आपल्या भाष्यात वेगवेगळ्या परंपरा एकत्र दिल्यात. एका परंपरेत ईसांनी शिष्यांना विचारलं की माझं रूप घेऊन माझ्या जागी कोण जाईल, आणि एक जण स्वतःहून उठला. दुसऱ्या काही कथांमध्ये ज्याने दगा दिला त्याचाच चेहरा ईसांसारखा झाला आणि तोच पकडला गेला. फखरुद्दीन राझी (मृत्यू १२०९) यांनी तर रोखठोक शंका काढली की एकाचा चेहरा दुसऱ्यावर असा बसू शकत असेल तर माणसाने डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरही भरवसा कसा ठेवायचा. आणि काही इस्माइली विचारवंतांनी असंही म्हटलं की शरीर क्रुसावर गेलं, आत्म्याला कुणी हात लावू शकलं नाही. म्हणजे 'मुसलमान असं मानतात' हे एका ओळीत संपणारं नाही, बहुतेकांची श्रद्धा मात्र तुम्ही सांगितलीत तीच, की ईसा जिवंत वर नेले गेले, परत येतील आणि मग त्यांना मरण येईल.

क्रुसावर गेला तो येशू नव्हताच हा विचार इस्लामच्या आधीही ख्रिस्ती लोकांतल्याच काही पंथांमध्ये होता. दुसऱ्या शतकातला बॅसिलिडीस असं शिकवायचा की येशूचा क्रूस वाहायला ज्याला धरलं होतं तो कुरेनेचा शिमोन, तोच चुकून खिळला गेला, हे आपल्याला त्याचा विरोधक बिशप आयरेनियस याच्या १८० च्या सुमाराच्या लिखाणातून कळतं. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांच्यातही असेच सूर आहेत. त्या लोकांना देवाने मार खावा, रक्त सांडावं, तहानेने तडफडावं हे सहनच होत नव्हतं.

आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. मुसलमानाला वाटतं, अल्लाह आपल्या एवढ्या लाडक्या पैगंबराला शत्रूंच्या हाती असं विटंबून मरू देणार नाही. ख्रिस्ती माणसाला वाटतं, तो माझ्यासाठी मेला, माझी पापं घेऊन मेला, आणि तो मेलाच नसेल तर माझ्याकडे उरलं काय. पौलाने साधारण ५४-५५ साली, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत, जी श्रद्धा आपल्याला परंपरेने मिळाली म्हणून लिहून ठेवली ती हीच, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तुमचं वाक्य तुमच्यासाठी ईसांचा मान राखणारं होतं आणि तुमच्या मित्राला मात्र ते घराचा पाया काढून घेतल्यासारखं लागलं, तेही त्याच्या वर्षातल्या सगळ्यात जड दिवसाच्या आदल्या दुपारी. आपल्याकडे तुकाराम बीजेला देहूत नांदुरकीच्या झाडाखाली उभ्या असलेल्या वारकऱ्याला कुणी जाऊन विचारावं की तुकोबा खरंच सदेह वैकुंठाला गेले का, तर प्रश्न चूक नसतो पण ती वेळ आणि ती जागा चूक असते. तेव्हा माझं ऐकाल तर उद्या डबा घेऊन त्याच्या टेबलावर जाऊन बसा आणि सांगा की मला तुझा दिवस कळला नाही. वाद नंतर कधीतरी निवांत घाला, तो घालण्यासारखा आहे.

मी नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे. क्रुसावर माणूस नेमका कशाने मरतो? आणि येशू इतक्या लवकर कसा मेला? (एक विद्यार्थिनी, सांगली)

लवकर मेला याचं आश्चर्य पिलातालाही वाटलं होतं, मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) आहे की त्याने शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमन नायकाला, बोलावून खात्री करून घेतली. मार्कप्रमाणे सकाळी नऊला खिळलं आणि दुपारी तीनच्या सुमाराला प्राण गेला, म्हणजे सहा तास. कित्येक जण दोन-दोन दिवस जिवंत राहत.

कारणावर डॉक्टरांचं एकमत नाही. बार्बे नावाच्या फ्रेंच सर्जनने विसाव्या शतकात मांडलं की हात ताणून लटकल्यामुळे श्वास बाहेर सोडता येत नाही, दर श्वासाला पायांवर जोर देऊन वर उचलावं लागतं आणि ती ताकद संपली की गुदमरून मरण येतं. १९८६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलेल्या प्रसिद्ध लेखात गुदमरणं आणि फटक्यांमुळे झालेला रक्तस्रावाचा शॉक असं दोन्ही धरलंय. पण झुगीब नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने स्वयंसेवकांना पट्ट्यांनी क्रुसावर अडकवून पाहिलं तर त्यांना श्वासाचा तसा त्रास झालाच नाही, त्याचा भर मग शॉकवर होता. मला हेच जास्त पटतं, कारण क्रुसाच्या आधी रोमन चाबकाचे फटके होते, त्या चाबकाच्या वाद्यांना हाडाचे आणि धातूचे तुकडे बांधलेले असायचे, रात्रभर जागरण, पाणी नाही, तुम्ही कॅज्युअल्टीत अशी केस आली तर पहिल्यांदा काय बघाल ते तुम्हालाच माहीत आहे. भाला लागल्यावर 'रक्त व पाणी' आलं असं फक्त योहान लिहितो, त्यावर बरेच डॉक्टर म्हणतात की फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणात साठलेलं पाणी असावं.

वाचणं अगदीच अशक्य होतं का? जोसेफसच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे, जेरुसलेम रोमनांच्या हाती पडल्यानंतर त्याला क्रुसावर लटकवलेल्यांमध्ये आपल्या ओळखीचे तिघं दिसले, तो रडत रोमन सेनापती टायटसकडे गेला, टायटसने लगेच उतरवून उत्तमातले उत्तम उपचार द्यायला सांगितलं. दोघं उपचार चालू असतानाच मेले, एक वाचला. म्हणजे सरकारी हुकूम आणि वैद्य दिमतीला असून तिघांतला एक. 'येशू फक्त बेशुद्ध होता' हे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत पाउलुस वगैरे मंडळींनीही मांडलं होतं, त्याला स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने दिलेलं उत्तर मला अजून बिनतोड वाटतं, आणि स्ट्राउस स्वतः चमत्कार मानणारा नव्हता. तो म्हणतो, अर्धमेला, जखमांनी पिचलेला, पट्ट्या आणि सेवा लागणारा माणूस थडग्यातून सरपटत बाहेर आला असता तर त्याला बघून शिष्यांना 'याने मरणाला जिंकलं' असं कसं वाटलं असतं?

आम्ही घरी 'क्रूस' म्हणतो, मराठी बायबलात 'वधस्तंभ' आहे. दारावर आलेल्या एका पंथाच्या लोकांनी सांगितलं की तो नुसता खांब होता, आडवं लाकूड नव्हतंच. खरं काय? (एक वाचक, वसई)

दारावर आलेले बहुधा यहोवाचे साक्षीदार असणार, त्यांची ही शिकवण आहे. मूळ ग्रीक शब्द 'स्तौरोस', जुन्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खांब किंवा मेख असा होता हे त्यांचं बरोबर आहे, पण रोमन काळापर्यंत तोच शब्द आडव्या लाकडासकट वापरला जायला लागला होता. रोमन पद्धतीत आरोपीच्या खांद्यावर आडवं लाकूड देऊन त्याला वधाच्या जागेपर्यंत चालवत, उभा खांब बहुतेक तिथेच रोवलेला असे. बर्नबाच्या नावाने ओळखलं जाणारं एक अगदी जुनं ख्रिस्ती पत्र आहे, त्यात क्रुसाची तुलना ग्रीक 'टाउ' अक्षराशी केलीय, म्हणजे इंग्रजी 'टी'. त्यामुळे आडवं लाकूड होतं हेच जास्त संभवतं. शब्दाचं म्हणाल तर 'क्रूस' आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, 'वधस्तंभ' बायबलच्या मराठी भाषांतरांतून रुळला, दोन्ही बरोबर आहेत. फक्त 'सुळावर चढवलं' असं लिहू नका, सूळ म्हणजे शरीरात खुपसायचा, ती शिक्षाच वेगळी.

खिळे मारत हे मात्र नक्की. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला गिवात हामिवतार इथे दगडी अस्थिपेट्या सापडल्या, त्यातल्या एकीवर 'येहोहानान' नाव कोरलेलं. आत विशीतल्या एका पुरुषाची हाडं, आणि टाचेच्या हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा, साधारण साडेअकरा सेंटीमीटर. खिळ्याचं टोक वाकलंय, बहुतेक लाकडाच्या गाठीवर आपटून, त्यामुळे उतरवताना तो निघालाच नसावा आणि घरच्यांनी हाडासकट तसाच ठेवला. खिळ्याचं डोकं आणि हाड यांच्यामध्ये लाकडाचा तुकडासुद्धा शिल्लक होता. कुणीतरी आईने, बायकोने ते शरीर धुतलं असेल, खिळा ओढून पाहिला असेल. त्या हाडाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पुढे वाचवेना. असंच एक टाचेचं हाड खिळ्यासकट २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या फेन्स्टन्टन गावात मिळालं.

एवढ्या दुःखाच्या दिवसाला 'गुड' का म्हणतात, आणि तारीख दरवर्षी का बदलते? (एक वाचक, लातूर)

इथला 'गुड' म्हणजे पवित्र या जुन्या अर्थाचा, आपल्याकडे उत्तम शुक्रवार किंवा शुभ शुक्रवार म्हणतात. वसंत संपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर, त्याच्या आधीचा शुक्रवार हा. तिथीवर चालतं म्हणून तारीख हलते. मूळ घटनेची तारीख म्हणून अभ्यासक बहुधा ७ एप्रिल ३० किंवा ३ एप्रिल ३३ या दोन शुक्रवारांपैकी एक धरतात. शुभवर्तमानांतही थोडा फरक आहे, मत्तय, मार्क, लूक यांच्याप्रमाणे आदल्या रात्रीचं शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा यहुद्यांचा सण) जेवण होतं, योहानाप्रमाणे वल्हांडण अजून व्हायचा होता. आणि एक विनंती, त्या दिवशी ख्रिस्ती शेजाऱ्यांना 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवू नका. चर्चमध्ये त्या दिवशी घंटासुद्धा वाजवत नाहीत, लाकडी खटखटा वाजवतात.

आमच्या शाळेत एक शिक्षक सांगायचे की येशूला ज्यूंनी मारलं म्हणून त्यांना देशोधडीला लागावं लागलं. आमच्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची (यहुद्यांची), घरं होती, आजी त्यांच्याकडे जायची, मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. खरंच ज्यूंनी मारलं का? (एक वाचक, अलिबाग)

नाही. क्रूस ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन कारभाऱ्याचा, खिळे ठोकणारे रोमन शिपाई, आणि क्रुसावर लावलेली पाटी होती 'यहुद्यांचा राजा', म्हणजे आरोप राजद्रोहाचा, तोही रोमविरुद्ध. जेरुसलेमच्या मंदिरातल्या काही बड्या पुजाऱ्यांनी त्याला पकडून दिलं असं शुभवर्तमानं सांगतात, पण थोडे पुजारी म्हणजे अख्खा समाज नव्हे. येशू स्वतः यहुदी, त्याची आई यहुदी, क्रुसापाशी रडणाऱ्या बायकाही यहुदीच. मत्तयमध्ये जमावाच्या तोंडी 'त्याचं रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो' असं एक वाक्य आहे, आणि त्या एका वाक्यापायी पुढे किती निरपराध माणसं मारली गेली ते वाचून अंगावर काटा येतो, १०९६ मध्ये क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, निघालेल्या जमावांनी जर्मनीतल्या वर्म्स आणि माइन्झमधल्या यहुदी वस्त्यांची कत्तल केली ती हाच राग मनात धरून. आणि ज्याने खरा हुकूम दिला त्या पिलाताला मात्र इथिओपियाच्या चर्चमध्ये संत मानतात, तिथे अशी श्रद्धा आहे की त्याने नंतर ख्रिस्ताला मानलं!

कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे जाहीर केलं की येशूच्या मरणाचा दोष ना त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर टाकता येतो, ना आजच्या यहुद्यांवर. उशीर झाला, पण झालं. तुमच्या शिक्षकांनी ते कदाचित कधी वाचलं नसेल, तुम्ही मात्र तुमच्या मुलांना जरूर सांगा. आणि बेने इस्राएलांची तर कोकणातली परंपरा सांगते की जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून ते वाढले, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' झाले. त्यांचा देशोधडीशी आणि पिलाताच्या कचेरीशी काय संबंध?

जमलं तर एक चित्र मिळवून बघा. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली होती. सण तोच, तीन शुभवर्तमानांप्रमाणे येशू मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर ज्यासाठी जेवायला बसला होता. त्या पोथीतल्या एका चित्रात बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करतायत, आणि त्यांच्या अंगावर तुमच्या आजीसारखीच लुगडी आहेत.